न उसवलेली दुमड

माझ्या मावशीला गल्लीतली पोरं ‘फूटपट्टी’ म्हणतात. स्टुलावर चढल्याशिवाय तिचा हात कापडाच्या टेबलाच्या पलीकडच्या कडेला पोचत नाही. पण शाळेचे गणवेश शिवावेत तर तिनंच. फ्रॉकच्या खाली ती चार बोटं जादा कापड आत दुमडून ठेवते. पोरगी वाढली की दुमड उसवायची, फ्रॉक पुन्हा मापाचा.

त्या दिवशी दुकान गच्च भरलेलं. मी कोपऱ्यात बटणं लावत होते. एक आई नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आली.

“एवढी कॉलर बदला हो. बाकी तिसरं वर्षही निघेल. दुमडीला हात लावावा लागला नाही, बघा! गुणाची पोर माझी, खर्चात पाडत नाही.”

बायका हसल्या. मावशीनं दुमड उलटून पाहिली. आतलं कापड कोरं करकरीत.

“ताई, हिला डॉक्टरकडे न्या.”

“अगंबाई! का? वयात आली की वाढेल भराभर.”

“माझी आई हेच म्हणायची.” मावशी स्टुलावरून उतरली, सगळ्यांच्या खांद्याखाली येऊन उभी राहिली. “मी वयात आलेच नाही. पाळीच आली नाही. पंचविशीत रक्त तपासलं तेव्हा कळलं, टर्नर सिंड्रोम. बायकांत एक्स गुणसूत्रं दोन असतात, माझ्यात एकच. यात कुणाचा दोष नसतो. लवकर कळलं तर उंचीसाठी उपचार असतात, हृदय, कान तपासता येतात. हिला तेच असेल असं नाही. पण तपासा. माझी वेळ गेली, हिची नाही.”

घरात आम्हाला एवढंच ठाऊक, की मावशीला लग्न नको होतं. आयुष्यभर गिळलेलं ती परक्या पोरीसाठी भर दुकानात बोलली होती. एवढंसं माणूस, आणि दुकान पुरेना तिला.

पोरगी म्हणाली, “म्हणजे मी तुझ्याएवढीच राहणार?”

“राहिलीस तर माझं स्टूल तुला. पण आधी डॉक्टर.”

आई फ्रॉक उचलून तडक निघून गेली. “गेलं गिऱ्हाईक,” मावशी म्हणाली.

गिऱ्हाईक परत आलं. तपासणीत तेच निघालं होतं, इंजेक्शनं सुरू झाली होती. पुढच्या वर्षी तोच फ्रॉक टेबलावर आला.

“आखूड झालाय,” आई म्हणाली आणि रडायलाच लागली.

मावशीनं दुमड उसवायला घेतली. कधी टाका न चुकणारा तिचा हात, त्या दिवशी कापडच कापून बसला.

आता माप घेण्याआधी ती प्रत्येक आईला विचारते, “मागची दुमड उसवली का?”