वाचायच्या आधी सही

आधी नाव सांगते. ताराबाई. भिलाईतल्या खुर्सीपारच्या ताराबाई मेश्राम. त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढचं सांगता येत नाही. नवरा ठेकेदाराच्या कामावर मला पुसदकडून भिलाईला घेऊन आला. मग एक दिवस रायगडला जातो म्हणून गेला आणि त्याचा फोनच बंद झाला. ताराबाईंनी मागची खोली दिली. आठवीत शाळा सुटलेल्या माझ्या हातात पुन्हा पेन्सिल दिली. "आपल्या लोकाईनं लई अंगठे लावले," म्हणाल्या. "तू सही कर." महिनाभर मी माझं नाव गिरवलं. नेहरू नगरच्या होस्टेलातलं कामही त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिलं.

मी गिरवलेल्या त्या माझ्या नावावर लोक हसले.

भर दुपारची वेळ. मेसचं टेबल. होस्टेलच्या मालकीण मॅडमनी माझी पिशवी त्यावर उलटी केली. डबा, कंगवा, किल्ली, मोबाईल, घडी घातलेला एक झेरॉक्स कागद, आणि माझी वही. डबा त्यांनी चमच्याच्या टोकानं बाजूला सरकवला. वही उघडली. पानंच्या पानं माझंच नाव.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "सह्यांची प्रॅक्टिस! चोरीचा पण अभ्यास करते ही."

मुलं हसली. ज्यांच्या पोळ्या मी रोज लाटते तीच मुलं. मग मॅडमनी आडनावावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "यावरूनच समजायला हवं होतं मला."

समोर खुर्चीत एक बाई बसली होती. डोळे सुजलेले. होस्टेलातल्या सौरभची आई, सकाळीच कोरब्याहून आलेली. ती हसली नाही.

मॅडम मूळच्या अमरावतीच्या. त्यांचे साहेब इथल्या स्टील प्लांटमध्ये अधिकारी होते. प्लांटचं सेक्टर सहामधलं क्वार्टर सोडल्यावर इथे घर बांधलं, वर इंजिनीअरिंगच्या मुलांचं होस्टेल काढलं. "आपल्या भाषेची बाई म्हणून ठेवते," असं त्यांनी ताराबाईंना सांगितलं होतं. मुलांच्या मेसमध्ये माझा हात चालायचा. खालच्या, त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात नाही. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. काम ताराबाईंच्या शब्दावर मिळालं होतं. त्यांचा शब्द खाली पडू नये, एवढंच डोक्यात.

होस्टेलातल्या एका मुलाला खरंच आजार होता. त्याचं लक्ष एका जागी टिकत नसे. त्याच्यासाठी रायपूरच्या डॉक्टरनं गोळी लिहून दिली होती. परीक्षा आली आणि ती गोळी सगळ्यांची झाली. चिठ्ठीच्या झेरॉक्स निघाल्या. मुलं तिला 'चार्जर' म्हणायची. घेतली की झोप येत नाही, भूक लागत नाही, पुस्तक सुटत नाही. अशा गोळीसाठी औषधाचा दुकानदार वेगळं रजिस्टर ठेवतो आणि नेणाऱ्याची सही घेतो. मुलांचे चेहरे त्याच्या ओळखीचे झाले होते. मग मुलांना मी आठवले.

"दीदी, बस एक साइन ही तो है. आपको तो आता है ना!"

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "आण की. मुलं अभ्यास करतात. रिझल्ट चांगला लागला तर होस्टेलचंच नाव होईल."

खरं सांगते, मला बरं वाटलं. दुकानदारानं विचारलं, "मरीज़ की कौन लगती हो?" मुलांनी पढवलेलं मी बोलले, "घर की हूँ." त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, पेन दिलं. एवढ्या मोठ्या काउंटरवर माझी सही. वरच्या ओळीतल्या बाईचा अंगठा होता. मी ऐटीत बाहेर आले. चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. पुन्हा गेले. पुन्हा सही केली.

ताटं भरलेली परत यायला लागली. भिजवलेली कणीक तशीच राहायची. एक मुलगा बेसिनशी उभा राहून तोच पेला घासत राहायचा. सौरभ सगळ्यांत हुशार, सगळ्यांत बारीक. त्याच्या हातातला चमचा ताटावर टकटक वाजायचा. मी म्हणाले, "बेटा, थोडा खा लो." तो माझ्याकडे बघून हसला, पण त्याची नजर माझ्यावर थांबतच नव्हती. मला भीती वाटली. तरी मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले.

मंगळवारी जेवणाच्या वेळी सौरभ छाती धरून खाली पडला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय घेतलं होतं? मुलं गप्प. मॅडम म्हणाल्या, "काही नाही हो, ॲसिडिटी असेल."

बुधवारी त्याची आई विचारायला होस्टेलात आली, आणि माझी पिशवी टेबलावर.

मॅडमनी एक लिहिलेला कागद पुढे केला. पेन उघडून दिलं. "सही कर खाली. येते ना तुला?"

"वाचून पायतो," मी म्हणाले.

"तुला काय कळणार आहे त्यातलं? कर लवकर."

मी मोबाईल उचलून ताराबाईंना लावला, स्पीकर चालू केला. "मावशी, मॅडम एका कागदावर सही मागून राहिल्या."

पलीकडून आवाज आला, "वाच. हळूहळू वाच. मी आयकून राहिली."

मी उभ्यानं वाचलं. अक्षराला अक्षर जोडत. 'मैं... ने यह द... दवा अपनी म... मर्ज़ी से ला कर ल... लड़कों को दी. मा... मालकिन को इस की को... ई जा... जानकारी नहीं थी.' कोणी हसलं नाही.

मी पेन खाली ठेवलं. टेबलावरचा चिठ्ठीचा झेरॉक्स उचलला आणि सौरभच्या आईच्या हातात दिला. "माँजी, गोळी मीच आणली. रजिस्टरात सही माझीच हाय. पण आणायला या पोराईनं सांगितलं, अन् मॅडमले सगळं मालूम होतं. ये डॉक्टर को दिखाओ. अभी चलो. डॉक्टर को कुछ पता नहीं है."

ती उठली. मॅडम ओरडल्या, "पाय बाहेर टाकला तर काम गेलं समज!" मी वही उचलली आणि तिच्याबरोबर ऑटोत बसले.

डॉक्टरनं कागद बघितला आणि तसाच आत धावला. सौरभ जिवंत आहे. पेला अजून दोन हातांनी धरतो.

घरी गेल्यावर ताराबाई म्हणाल्या, "चुकलं माझंच. सही आधी शिकवली तुले, वाचाचं मागं राहून गेलं."

त्यांचं चुकलं नाही. बघून न बघितल्यासारखं मी केलं. त्या रजिस्टरात माझं नाव आहे आणि पोलीस आले तर ते माझंच आहे असं मी सांगीन. मॅडमचं नावही सांगीन. हळू आवाजात नाही.

मेसमध्ये नवी बाई लागली आहे. परवा ती त्याच दुकानाच्या पायरीवर दिसली. हातात घडी घातलेला कागद. ती अंगठा लावते म्हणतात. उद्यापासून मी त्या पायरीवर उभी राहणार. तिच्या हातातला कागद तिला वाचून दाखवल्याशिवाय आत जाऊ देणार नाही. दुकानदारानं हाकललं तर रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन.

ताराबाई, तुमच्या ओसरीत एक दिवस मी बायका गोळा करीन. त्यांना आधी वाचायला शिकवीन, सही शेवटी. तुमचं एवढं फेडल्याशिवाय मी भिलाई सोडणार नाही.