मानेवरचं गोचीड

गोचीड चावलं तरी माणसाला कळत नाही. आधी ते जागा बधिर करतं, मग निवांत मुक्काम ठोकतं. म्हणून आमच्या कामात एक नियम आहे. रानातून आलं की दोघांनी एकमेकांची मान, पाठ, केस तपासायचे. नियम चांगलाच आहे, फक्त त्याला दुसरं माणूस लागतं.

माझी सहायक बदली घेऊन गेली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. तेव्हापासून नेरच्या भाड्याच्या खोलीत मी भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करते, हातात दुसरा आरसा धरते अन् स्वतःची मान शोधते. मान तेवढी अवघडते, दिसत काही नाही. घरी फोन करावा म्हटलं तर घर म्हणजे मीच. जनावरांच्या अंगावरची गोचिडं वेचायची, त्यांच्यातून कोणता ताप पसरतो ते शोधायचं, यात सारी उमर गेली. लग्नाचं विचारणारे आधी थकले, मग एकेक करून वारले. एकटेपणाचं मला काही वाटत नाही, असं मी पूर्वी ठासून सांगायची. वाटतं.

खेड्यापाड्यात मला ‘गोचिडवाल्या म्याडम’ म्हणतात. चहा मिळतो, पण अंगणात, उभ्याउभ्या. माझ्या कपड्यांवरून एखादं गोचीड घरात उतरेल, ही धास्ती. लोकांचं चुकत नाही. मीही मला आत घेतलं नसतं.

त्या दिवशी गावाच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका मावशींच्या गोठ्यात काम होतं. दोन गाई, दोन्हींच्या कानात गोचिडांचे घोस. मी ती चिमट्यानं काढून बाटलीत टाकत होते आणि मधेमधे मान खाजवत होते.

“काय झालं जी?” मावशींनी विचारलं.

“मानेवर काहीतरी आहे. दिसत नाही.”

“दिसन कसं? मानेले डोये असतेत काय? बसा इथं.”

त्यांनी मला ओट्यावर, परसातल्या चुलीशेजारी बसवलं आणि उवा पाहतात तसे माझे केस बोटांनी फाकवायला लागल्या. “लय पांढरे झाले वं बाई,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडची ‘म्याडम’ कुठं गेली कोण जाणे. माझ्या केसांतून दुसऱ्या कोणाची बोटं फिरून किती वर्षं झाली होती, मला आठवेना. डोळे भरून आले. मी गाईकडे पाहत बसले.

“हे पाय, गोचीडच हाय!”

“थांबा, चिमटा देते,” म्हणेपर्यंत त्यांनी ते उपटलं होतं. उवा मारायची जन्माची सवय. एका अंगठ्याच्या नखावर ठेवलं, दुसऱ्या नखानं दाबलं, टच्. अन् दिलं चुलीत भिरकावून.

मी ताडकन उठले. “असं करते का कोणी? उघड्या हातानं?” त्यांच्या अंगठ्याला खुरपं लागून ताजी चीर पडलेली, आणि त्या चिरेवर गोचिडाचं रक्त. मी त्यांना ओढतच बादलीपाशी नेलं. साबण लावत होते अन् तोंडानं बोलतच होते. गोचीड शाबूत राहिलं असतं तर त्यात रोग होता की नव्हता हे तपासून सांगता आलं असतं. आता त्याची राख झाली होती. ताप येतो का, याची दोनेक आठवडे वाट पाहायची, एवढंच हातात होतं. चावलं मलाच होतं, पण जीव टांगणीला लागला तो त्यांच्यासाठी.

मग मी रोज संध्याकाळी थर्मामीटर घेऊन जायला लागले. मावशी हसायच्या. “मले काय होते? मले चावलं तं गोचीडच मरन.” तिसऱ्या-चौथ्या दिवशी चहा अंगणातून आत आला. त्यांची लेक पुसदला दिलेली, ती फोनवर फक्त गाईंची खबर घेते, असं त्या सांगायच्या. ताप पाहून झाला की माझी पाळी. “बसा, पायतो मी,” म्हणून त्या माझी मान तपासायच्या, मी दिलेला चिमटा हातात घेऊन. त्यांना ताप येऊ नये म्हणून देव न मानणारी मी रोज कोणाला तरी हात जोडत होते.

मुदत सरली. ताप नव्हता. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मावशी म्हणाल्या, “झालं न मंग? आता येनं कायले पडते तुमाले?”

त्या सरळ मनानं विचारत होत्या. खरंच, आता कायले? मी थर्मामीटर पुसला, डबीत घातला, परत काढला. आजवर एकाही आकड्यात मी खोटेपणा केला नाही. ज्यांनी केला त्यांना चारचौघांत झापलं आहे.

“अजून आठ दिवस पाहावं लागते,” मी म्हणाले.

मावशींनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं.

“पाहा न मंग,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.