एका डब्यात तीन बांध्या

माझा थोरला भाऊ वसंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा धानाची रोवणी चालू होती. चिखलाच्या पायांनी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भाताच्या वाफ्याच्या बांधावर, बसले आणि रडता रडता हसू आलं... दादाने मला कॉम्प्युटर धानाच्या भाषेत शिकवला होता. आता महिना झाला.

पोंभुर्ण्यात त्याचं टायपिंगचं दुकान होतं. मासिकांसोबत सीड्या यायच्या, त्यातून त्याने एकाच कॉम्प्युटरवर दोन प्रकारचं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, शेजारी शेजारी बसवलं. सुरू केला की यादी यायची, हवं ते निवडायचं. मी चौथी शिकलेली. विचारलं, "काऊन रे दादा, एकानं भागत नाई का?"

"तू हलकं धान अन् भारी धान एकाच बांधीत लावतेस का, सुमे? तसंच हे. ज्याची त्याची बांधी."

दुसऱ्या लिनक्सच्या बांधीत मायची रोवणीची गाणी होती. माय जाऊन वर्षं झाली होती. दादाने लहानपणी गाणी भरलेली कॅसेट टेपमध्ये अडकून तुटली. त्याआधी त्याने जेवढं कॉम्प्युटरात उतरवलं, तेवढंच राहिलं.

एकदा गाणी ऐकायला गेले, तर दादा डोक्याला हात लावून बसलेला. त्याने त्याच दिवशी बीएसडी नावाची तिसरी प्रणाली बसवली होती. आता यादीच येईना, थेट तीच उघडायची.

"सुमे, मायची गाणी गेली वं."

दुकानात चार माणसं. लोकांसमोर मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "नवीन बांधी पाडताना मायच्या बांधीत नांगर घातला का?"

"नाई. मापं कागदावर लिहूनच पाडली."

"मंग धान कुठी जाते? जायची वाट मोडली असंल."

मग त्याने जपून ठेवलेली फ्लॉपी घातली, तिच्यावरून जुनं लिनक्स उघडलं, यादी नव्याने लिहिली. तिन्ही नावं आली. मायही आली. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "माह्या बहिणीनं दुरुस्त केला!" मी पदरात तोंड लपवायची.

कॉम्प्युटर आता माझ्याकडे आहे. बटणांची भीती अजून जात नाही. ते दादाला ठाऊक होतं. काहीच दाबलं नाही, तर दहा मोजेपर्यंत मायची बांधी आपोआप उघडून गाणी लागतील, असं तो करून गेला. मी मांडीवर हात ठेवून मोजते. गाण्याआधी दादाचा कोवळा आवाज येतो, "माय, जोरानं म्हण ना, मशीनले ऐकू येऊन नाई राह्यलं."

आणि माय म्हणते, "मंग तिचे कान धू, बाबू."