आत्या बाकावरून उठली नाही

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला बँकेत काउंटरवर होते. समोर रांग होती. "बरं," एवढंच म्हणाले आणि पुढच्या माणसाचं पासबुक घेतलं... चारचौघांत मला रडता येत नाही. त्याला आता काही महिने झाले.

सरोजआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, लातूरला शाळेत शिक्षिका. एकटीच राहायची. गावात क्लासेसचं पेव फुटलं तशी तिनं घराची बाहेरची खोली शिकायला येणाऱ्या मुलींना दिली. अकरावीला मीही तिथे आले. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी बायबल वाचताना मी अडखळायचे. आत्या शब्दाखाली बोट धरून बसायची, पण पुढचा शब्द सांगायची नाही.

खोलीत माझ्याबरोबर रूथ होती, मुदखेडची. वडील रेल्वेत. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल आला त्या दिवशी रूथनं वडिलांना फोनवर सांगितलं, नंबर लागला. ते पेढे घेऊनच आले. आमच्यात अशा वेळी आभारप्रार्थना होते. रविवारी पास्टरांनी रूथला पुढे बोलावलं, ती वेदीपाशी गुडघे टेकून बसली आणि सगळ्या मंडळीनं हात पुढे करून देवाचे आभार मानले. मला मागून तिची मान दिसत होती. ती एकदाही वर झाली नाही. पुढच्या आठवड्यात कॉलेजची यादी लागली, तेव्हा सगळ्यांना कळलं की नंबर लागलाच नव्हता.

चर्चच्या कमिटीतले योसेफकाका घरी आले. "देवाच्या घरात खोटे आभार मानायला लावले पोरीनं. सगळ्यांपुढं उभं राहून कबूल करावं. तोवर तिला प्रभुभोजन न्हाई."

"आभार तुमी मानलाव, योसेफभाऊ," आत्या म्हणाली. "ती मान खाली घालून बसली हुती. एकानं तरी विचारलं का, बाई, तुझं तोंड का उतरलंय? आन् नंबर लागला म्हणून देवाचे आभार, तर न लागलेल्या पोरींचा देव कोण?"

"तुमी पोरी नासवायलाव, सरोजबाई."

"नासल्या तर माझ्या घरात नासू द्या. चहा घ्या."

काका चहा न घेता गेले. मग आत्या आत येऊन रूथवर कडाडली, "रडायलीस काय? खोटं बोललीस ते बोललीस. माफी मागायची तर बापाची माग. सकाळच्या गाडीनं मुदखेडला जा." रूथ गेली, माफी मागून आली. पण मंडळीपुढे उभं राहायला आत्यानं तिला साफ मनाई केली.

पुढच्या प्रभुभोजनाला सगळे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला रांगेनं पुढे गेले. रूथ बाकावर बसून राहिली आणि तिच्याशेजारी आत्याही. पास्टरांनी दोनदा पाहिलं, आत्या उठली नाही. त्यानंतरही प्रत्येक वेळी तेच. बायका कुजबुजायच्या, महिला मंडळानं तिला बोलावणं बंद केलं. आपल्यामुळे हे होतंय म्हणून रूथनं कायमचं मुदखेडला जायचं ठरवलं, पेटीही भरली. तेव्हा आत्यानं एकदाच आपल्या थोरल्या बहिणीबद्दल सांगितलं. कुठल्याशा चुगलीवरून दोघींचं बोलणं बंद होतं. "चूक तिचीच हुती. नाताळला जाऊन बोलू म्हणलं... नाताळाआधी भूकंप झाला. ढिगारा उपसला तवा मी तिथंच हुते." मग म्हणाली, "कोण बरोबर, कोण चूक, त्याचा हिशोब मी तवाच सोडला. पेटी रिकामी कर."

ईस्टरला पास्टर भाकर आणि प्याला घेऊन स्वतः आमच्या बाकापाशी आले. रूथनं हात पुढे केला, मग आत्यानं. रूथ आज नर्स आहे. अंत्यविधीला आत्याला साडी तिनंच नेसवली.

घराचं काय करायचं ते मी ठरवावं, असं बाबा म्हणाले. मी लातूरला बदली मागून घेतली. गेल्या आठवड्यात दारात योसेफकाका उभे होते, काठी टेकत. "नात हाय माझी. दोनदा परीक्षा दिली, दोन्हीदा नंबर न्हाई लागला. लोक इचारतेत म्हणून चर्चला येईना, जेवंना... ती खोली देशील का, बाई?"

आत्याला ते काय काय बोलले होते, मला शब्दन् शब्द आठवत होता. अजूनही आठवतो. खोली भाड्यानं दिली आहे असं सांगता आलं असतं. ते खालीच बघत होते.

"उद्या घेऊन या," मी म्हणाले. "आधी आत या, चहा टाकते." ते बसले, आणि बशीत ओतून सगळा प्यायले.

नात आली आहे. बाहेरच्या खोलीत आत्याच्या खाटेवर, आत्याच्याच गोधडीत झोपली आहे. आज रविवार, चर्चची वेळ होत आली. मी तिला उठवणार नाही. उठेल तेव्हा दोघी मिळून जाऊ, उशीर झाला तरी.