रूपीची हजेरी

नालछ्याच्या रस्त्यावर मोहाच्या फुलांचा वास आला की माझे पाय आजही थबकतात. संवत १९५६ च्या, छपन्याच्या दुष्काळात आईबाप गेले आणि मी धारजवळच्या मिशनच्या अनाथालयात वाढले. शेजारच्या चटईवर रूपी बसायची. तिच्या ओढणीत कायम मोहाची फुलं बांधलेली असत.

मास्तरांनी आपल्यावर हात टाकला, असं तिनं एकदा पाळकसाहेबांना सांगितलं. दुसऱ्या सकाळी तिची चटई रिकामी होती, आणि मास्तर नेहमीसारखे हजेरी घ्यायला उभे होते. त्या दिवशी मिशनचे मोठे साहेब पाहणीला यायचे होते. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

"पोरी, रूपीचं नाव आलं की तूच हजर म्हण. एकाच्या चुकीपायी प्रभूचं घर बदनाम व्हायला नको."

"रूपी!" मास्तरांनी पुकारलं.

"हजर," मी म्हणाले. तेवढ्यात रिकाम्या चटईवरून मोहाचा वास आला, कुणी शेजारी येऊन बसावं तसा. मी मान वळवली नाही.

साहेब खूश होऊन गेले. मीही पुढे वर्षभर तिच्या नावाला हजर म्हणत राहिले. वाटायचं, मी प्रभूचं घर वाचवतेय.

रूपी कुठे गेली, हे कुणीच कधी विचारलं नाही. विचारणार कसं? ती तर रोज हजर होती.