चिनी दातवाल्याच्या मुलीचं इंग्रजी

त्या मुलीने मला सहा महिने फसवलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं म्हणत असे. "तिनं नाही फसवलं. तुमी सोताच फसले," असं माझी बायको दर वेळी म्हणायची. आता मी म्हटलं तरी घरातून उत्तर येत नाही. श्रावणात ती गेली. तेव्हापासून रोज थोडं लिहायचं असं ठरवलं आहे, पण चार ओळींपुढे हात सरकत नाही. तरी हे आधी लिहून काढतो.

सुरुवात माझ्या दाढेपासून झाली. सदर बाजारात एका चिनी दातवाल्याचं दुकान होतं. दारावरच्या पाटीवर लाल हिरड्या आणि त्यात बत्तीस दात रंगवलेले होते, ते पाहूनच निम्मे लोक परत फिरत. मी फिरलो नाही, कारण दोन रात्री झोप नव्हती. त्यांनी दाढ काढली, तोंडात कापूस कोंबला आणि मग बोलायला सुरुवात केली.

"मास्टरसाब, आप अंग्रेजी का मास्टर. हमारी लडकी को पढाओ."

शाळेत दिवसभर बेचाळीस मुलांपुढे घसा फोडून घरी आल्यावर शिकवणी करायची नाही, असा माझा नियम होता. तो सांगायला तोंड मोकळं नव्हतं. मी दोन्ही हात जोरात हलवले. त्यांना वाटलं कळ आली. त्यांनी आणखी कापूस भरला आणि सोमवारी मुलगी येईल असं सांगून टाकलं.

सोमवारी मुलगी आली. अठराएक वर्षांची असेल. आठ वर्षांची असताना बापाबरोबर कलकत्त्याहून नागपुरात आली होती, आई नव्हती. शेजारणींकडून आणि भाजीवाल्यांकडून शिकलेली वऱ्हाडी बोलायची, आणि ती माझ्यापेक्षा अस्सल. मी तिच्याशी शुद्ध मराठीत बोलायला लागलो की ती माझ्या बायकोकडे पाहून विचारायची, "मावशी, मास्तर काय म्हणून राहिले?" बायको कळमेश्वरकडच्या शेतकरी घरातली. त्या दोघींचं पहिल्याच दिवशी जमलं.

मुलीला शिकायचं का होतं, तेही तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. कलकत्त्याला त्यांच्या नात्यातलं एक जोडे शिवणाऱ्याचं घर होतं आणि तिथल्या मुलाशी तिचं लग्न ठरत होतं. तिने त्याला पाहिलेलं नव्हतं. तिला नर्स व्हायचं होतं. मिशनच्या इस्पितळात शिकाऊ मुली घेत, पण मेट्रनबाई आधी इंग्रजी वाचून दाखवायला लावीत. बापाने एवढं कबूल केलं होतं की दिवाळीआधी इस्पितळात घेतलं तर नागपुरात राहा. नाही घेतलं तर दिवाळीनंतर कलकत्त्याची गाडी.

म्हणजे सहा महिने होते. मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. चाळीस धड्यांचं वाचनाचं पुस्तक घेतलं. मी एक वाक्य मोठ्याने वाचायचं, त्याचा अर्थ सांगायचा, तिने मागून म्हणायचं. मीही असाच शिकलो होतो आणि माझे मास्तरही.

दुसऱ्या दिवशी धडा म्हणून दाखव म्हटलं, तर तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, माझ्याकडे सरळ पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला राग आला. वीस वर्षांच्या नोकरीत एकाही मुलाची असं उभं राहायची हिंमत झाली नव्हती. मी तिला बसायला सांगितलं आणि संध्याकाळी तडक सदरला जाऊन बापाकडे तक्रार केली. ते एका शिपायाच्या तोंडात आरसा घालून पाहत होते. त्यांना माझ्या रागाचं कारणच कळेना.

"हमारे मुलुक में ऐसाच पढते. किताब मास्टर के हाथ में, मुंह दीवाल को. आंख से चोरी नहीं करने का. इज्जत है ये, मास्टरसाब."

तो शिपाई तोंड उघडं ठेवून आमचं बोलणं ऐकत होता. मी परत आलो. इज्जत तर इज्जत.

आणि खरं सांगायचं तर मला ती रीत आवडायला लागली, कारण भिंतीकडे तोंड करून ती काय म्हणायची! एक धडा, दोन धडे, दहा धडे. कुठे अडखळणं नाही, चुकणं नाही. अर्थसुद्धा माझ्याच शब्दांत, माझ्या खाकरण्याच्या जागा सोडून. घरी सकाळी बाप तिच्याकडून हेच करून घ्यायचा. त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी तो पुस्तक हातात धरून ऐकायचा आणि ती थांबली की छडी टेबलावर आपटायचा.

व्याकरणाचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. भूतकाळावर आम्ही पंधरा दिवस घालवले. चिनीत क्रियापद बदलत नाही की अनेकवचन होत नाही, आणि वऱ्हाडी कितीही अस्सल बोलली तरी इंग्रजीकडून तिची तीच अपेक्षा होती.

"मास्तरजी, 'काल' म्हटलं ना एक डाव? मंग त्या क्रियापदाले पुन्हा काहून तरास द्याचा?"

"इंग्रजीत बदलावं लागतं."

"तुमच्या 'काल'वर इंग्रजाचा भरोसा नाही का जी?"

आतून बायको हसली. मी तिला आतच राहायला सांगितलं. एक आंबा आणि दोन आंबे यांच्या बाबतीतही तेच. दोन म्हटल्यावर आणखी काही जोडणं तिला उधळपट्टी वाटायची. मी पाटीवर लिहायचो, पुसायचो, पुन्हा लिहायचो. माझ्या धोतरावर खडूचे पांढरे पट्टे उठत. रोज जेवताना मी बायकोला म्हणे, "उद्यापासून बंद." ती म्हणे, "बरं." दुसऱ्या दिवशी मुलगी यायची आणि मी पुन्हा भूतकाळ काढायचो.

तरी मनात समाधान होतं. दसऱ्यापर्यंत चाळीसही धडे तिला मुखोद्गत झाले होते. मी बायकोला म्हटलं, "व्याकरण नसेना का, वाचते तर उत्तम."

बायकोने हातातलं काम ठेवलं आणि म्हणाली, "मले वाटते तिले वाचताच येत नाही."

मी हसलो. तेव्हा तिने सकाळची गोष्ट सांगितली. घरात डॉक्टरांकडून आणलेल्या दोन सारख्याच बाटल्या होत्या. एक खोकल्याचं औषध, दुसरं गुडघ्याला चोळायचं. दोन्हींवर इंग्रजी कागद चिकटवलेले. मी शाळेत गेलेलो, मुलगी सहज बायकोकडे आलेली. बायकोने मुलीला विचारलं, पोरी, यातलं प्यायचं कोणतं? मुलीने बाटली हातात घेतली, फिरवली, उजेडात धरली. मग म्हणाली, "मावशी, हे धड्यात नाही."

"आन् चोयाचं पेली असती त?" बायको म्हणाली. "उद्या दवाखान्यात दुसऱ्याले पाजन ना हे."

मी पुस्तक घेऊन बसलो आणि मुलगी आल्याबरोबर तिच्यापुढे एकतिसावा धडा मधूनच उघडला. तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. तिला तो सांगता येईना. मी म्हटलं, सुरुवातीपासून म्हण. ती धाड धाड म्हणत त्या शब्दापर्यंत आली, तो शब्द म्हणाली आणि पुढे गेली. बोटाखाली मात्र तिला तो दिसत नव्हता. तिला अक्षरं येत होती, चार-दोन लहान शब्द येत होते. बाकी सगळं कानाने आलेलं. सहा महिने मी वाचत होतो आणि ती ऐकत होती.

माझा तोल गेला. काय काय बोललो ते लिहीत नाही. "दुसऱ्याच्या जिवाशी खेळणार आहेस का" असंही बोललो. ती रडली नाही, मान खाली घालून एवढंच म्हणाली, "तुमी म्हटलं, माझ्या मागून म्हण. मी म्हटलं."

मेट्रनबाईंकडे जायला आठ दिवस उरले होते. मी डोकं धरून बसलो. बायको बाहेर आली, तिने मुलीचा हात धरला आणि मला म्हणाली, "तुमी आता वटीवर बसा."

स्वतः ती मराठी चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला माझ्याकडून ओळखीपुरती आली होती, तीही मी कंटाळून अर्धवट सोडलेली. तिने फळीवरचे सगळे डबे खाली काढले. बार्लीचा, बिस्किटांचा, दुधाच्या भुकटीचा. शेजारून साबणाचे कागद आणि काड्यापेट्या आणल्या. चित्र असेल तिथे कणकेवर घालायच्या फडक्याने झाकायचं आणि मुलीला विचारायचं, आत काय हाये? अक्षर लावून लावून तिने सांगायचं, मग डबा उघडायचा. ओटीवर मला सगळं ऐकू यायचं.

"बि... बिस्... बिस्कीट!"

"उघड."

झाकण निघाल्याचा आवाज. मग मुलगी ओरडली, "मावशी, यात त मेथीदाने हायेत! इंग्रजी खोटं बोलते वं!"

"डबा खरा बोलते. मीच खोटी. तू पुढचा वाच."

आमच्या घरातल्या एकाही डब्यात लिहिलेली वस्तू नव्हती. कोणाच्या घरात असते? पण त्यामुळेच अंदाज चालेना. अक्षरच लावावं लागे. तिसऱ्या दिवसापासून बायकोही तिच्याबरोबर मोठ्याने वाचू लागली. दोघी भलतेच उच्चार करीत. मी ओटीवरून दुरुस्त केले की आतून दोघी मिळून म्हणत, "बरं जी!" आणि पुन्हा तसंच म्हणत. औषधांच्या दोन्ही बाटल्या तिने रोज वाचून घेतल्या. सहाव्या दिवशी बाप स्वतः दुकानातल्या रिकाम्या बाटल्यांची टोपली घेऊन आला, ओटीवर ठेवली आणि परत गेला.

मुलाखतीच्या दिवशी मुलगी अडून बसली की मावशी आली तरच आत जाईन. आम्ही तिघं तांग्याने गेलो. मेट्रनबाई इंग्रज, उंच, कोरड्या चेहऱ्याच्या होत्या. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, म्हणून मला सगळं दिसलं.

बाईंनी एक पुस्तक उघडून मुलीपुढे ठेवलं आणि इंग्रजीत म्हटलं, आधी मनात वाचून घे, मग मला ऐकव. मुलगी वाचू लागली. ओठ हलत होते, बोट ओळीखालून सरकत होतं. वाचत होती, खरोखर वाचत होती. बराच वेळ लागला. परिच्छेद लहान होता. तिने तो तीन-चारदा वाचला असावा. मग ती उठली. पुस्तक मिटलं. दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे ठेवलं. आणि त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी डोळे मिटले. डबे वाचून घेतले, बाटल्या वाचून घेतल्या, पण ही एक गोष्ट सांगायची कोणाच्याच लक्षात आली नाही. मुलगी पूर्ण परिच्छेद न चुकता म्हणून मोकळी झाली.

बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला आत बोलावलं आणि इंग्रजीत विचारलं, "हे पान तुम्ही हिच्याकडून आधीच पाठ करून घेतलं का?"

वीस वर्षं मी इंग्रजी शिकवत होतो, पण इंग्रज माणसाशी दोन वाक्यांपलीकडे कधी बोललो नव्हतो. उत्तर मला माहीत होतं. ते निर्दोष असावं, असंही वाटत होतं. मी वाक्य जुळवायला लागलो. चीन देशातील प्रथेनुसार, इथून सुरुवात केली. मग मुख्य वाक्य आधी घ्यावं की गौण, यावर अडलो. बाईंना मराठी येतं हे साऱ्या नागपूरला ठाऊक होतं, मलाही होतं. पण इंग्रजीच्या मास्तराने मराठीत उत्तर द्यायचं? बाईंनी फाईल मिटली. मुलगी अजून भिंतीकडेच तोंड करून उभी होती, कारण तिला कोणी वळायला सांगितलं नव्हतं.

माझ्या मागून पदर सावरत बायको आत आली.

"रागावू नका जी बाई. त्याइच्यात मास्तरले मान द्याचा त असंच उभं राहते. पुस्तकाकडे नजर जाऊ नये म्हून. लबाडी नाही थे. तिच्या समोर कपाट हाये ना तुमचं, त्यातलं काहीबी वाचाले सांगा."

तेव्हा माझं लक्ष गेलं. मुलीच्या नाकासमोर औषधांचं काचेचं कपाट होतं.

बाईंनी बायकोकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. मग पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "मुली, तुझ्यासमोर जे लिहिले आहे ते वाच."

मुलगी वाचू लागली. वरच्या फळीवरून, डावीकडून. नावं तिला कळत नव्हती, उच्चार भयंकर होते, पण एकेक अक्षर लावत एकेक बाटली ती घेत गेली. हे प्यायचं. हे प्यायचं नाही, लावायचं. यावर विष लिहिलंय. मध्येच वऱ्हाडीत म्हणाली, "हे मोठं नाव नाही जमत, पन खाली 'बाटली हलवा' लिहिलंय." दुसरी फळी संपली. तिसरी सुरू झाली. बाई "पुरे" म्हणाल्या ते तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाल्या. मग त्यांनी उठून तिच्या खांद्याला धरून तिला आपल्याकडे वळवलं.

"इथे मात्र," त्या म्हणाल्या, "रोग्याकडे तोंड करून उभे राहायचे."

दिवाळीनंतर ती इस्पितळात राहायला गेली, कलकत्त्याला नाही.

पण मला आठवतो तो परतीचा तांगा. मुलीला सदरला सोडून आम्ही दोघं बर्डीवरच्या आमच्या घराकडे येत होतो. मी चिडलेलो होतो. कोणावर चिडलो होतो, ते मला नीट ठाऊक होतं.

"तुमी काहून बोल्ले नाही जी?" बायकोने विचारलं.

"वाक्य तयार करत होतो."

"झालं का मंग आता?"

झालं होतं. इस्पितळाच्या फाटकापासून सदरपर्यंत मी ते पूर्ण केलं होतं. मी तिला म्हणून दाखवलं, सगळं, इंग्रजीत, एकही चूक नसलेलं. तांगेवालाही मागे वळून पाहायला लागला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं.

"चांगलं हाये," ती म्हणाली. "पन लय लंबं हाये."