आठ अंशांची रेघ

बंदरावर तिला सगळे ‘पारा’ म्हणत, अगदी तोंडावरही. एक तर तिचं काम समुद्राचं तापमान मोजायचं, आणि दुसरं म्हणजे राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मत्स्यखात्याच्या कचेरीत तिला एकवीस वर्षं झाली होती. कचेरी कसली, बर्फाच्या कारखान्यावरची एक खोली. रोज सकाळी सातला ती धक्क्याच्या टोकाला जायची, दोरीला बांधलेली पितळी बाटली पाण्यात सोडायची, वर ओढून आतल्या थर्मामीटरचा आकडा वाचायची आणि वहीत लिहायची.

नवरा लवकर गेला. घरात सासूबाई, दीर, जाऊ आणि तिचा एकुलता एक मुलगा. बोट दोघा भावांची होती, ती आता दीर चालवायचा आणि मुलगा त्याच्या हाताखाली होता. सगळं बंदर एकाच माशावर जगत होतं, गार पाण्यातल्या पांढऱ्या माशावर. तळाचं पाणी आठ अंशांच्या वर गेलं की हा मासा तिथे थांबत नाही, त्याची अंडीही तग धरत नाहीत. तिच्या वहीतले आकडे वर्षागणिक चढत होते आणि जाळी हलकी होत होती.

एकदा जेवताना ती म्हणाली, “भाऊजी, मासा संपलेला नाही. सरकलाय. उत्तरेला आणि खोलवर.”

दीर हसला. “मासे काय थर्मामीटर घेऊन फिरतात, वहिनी?”

“त्यांना लागत नाही. जेवढं गार पाणी, तेवढंच गार त्यांचं अंग. आपल्याला कळायच्या आत त्यांना कळतं.”

“ऐका,” दीर सासूबाईंना म्हणाला, “आता माशांच्या मनातलंही हिला कळायला लागलं.” सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

मुलगा हसला नाही. तो तिच्याकडून खोल पाण्यात आपोआप बंद होणारी बाटली घेऊन गेला आणि जाईल तिथून तळाचे आकडे आणायला लागला. मग मायलेक कचेरीत नकाशावर वाकून लाल पेन्सिलीने रेघ काढायचे. रेघेच्या अलीकडे आठ अंशांच्या वरचं पाणी, पलीकडे त्याहून गार.

एका वर्षी महिनाभर जाळी रिकामी आली, तेव्हा मुलाने काकाला हळूच वळवलं. बोट दोन दिवस उत्तरेला गेली आणि गच्च भरून परतली. धक्क्यावर दीर छाती काढून सांगत होता, “मला वासच येतो माशाचा.” ती बाटली हातात घेऊन तिथेच उभी होती. मुलाने तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. तिने तेवढ्यावर समाधान मानलं.

तीन वर्षं असं चाललं. रेघ दर वर्षी पुढे सरकायची आणि बोट तिच्यामागे धावायची. चौथ्या वर्षी ती दिराला म्हणाली, “आता रेघ चार दिवसांवर गेलीय. ही बोट त्या पाण्याची नाही. यंदा जाऊ नका.”

“तुम्ही जागा सांगा. पुढचं मी बघतो.”

तिने जागा सांगितली. खोटी सांगता आली असती, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

परतताना भरलेली बोट वादळात उलटली. दीर आणि आणखी दोघं दुसऱ्या बोटीला सापडले. मुलगा सापडला नाही. पाणी सहा अंश होतं. तेवढ्या गार पाण्यात माणसाचे हात किती मिनिटांत निकामी होतात आणि शुद्ध किती वेळाने हरपते, याचा तक्ता कचेरीच्या भिंतीवर तिनेच टांगला होता.

चौकशीला खात्याचे साहेब आले. दीर खाली मान घालून म्हणाला, “वहिनींनी सांगितलं तिथे गेलो. मला काय कळतंय त्यातलं?”

दिराला येणाऱ्या माशाच्या त्या वासाची धक्क्यावरच्या कोणाला आठवण झाली नाही. घरी सासूबाईंनी तिचं अंथरूण दाराबाहेर टाकलं. “माझ्या नातवाला तूच पाठवलंस. तुझं तोंड दाखवू नकोस.” ती अंथरूण उचलून कचेरीत राहायला गेली.

थंडी सुरू झाली तसा संशोधन जहाजाकडून तळाच्या आकड्यांचा कागद आला. रेघ सात दिवसांवर गेली होती. इथल्या कोणत्याच बोटीत धरलेला मासा बर्फातही पाच दिवसांच्या वर टिकत नव्हता; बंदरात येईपर्यंत सडला असता. ज्याने विचारलं त्याला तिने सांगितलं. एकेकाने जाळी बदलली आणि कोमट पाण्यातला बारीक मासा धरायला सुरुवात केली. दीर विचारायला आला नाही. त्याने एक जुनी, मोठी बोट घेतली होती. थंडीभर तो तिच्या फळ्या बदलत होता, डांबर लावत होता, आणि बाकीच्यांना भित्रे म्हणत होता. ती खिडकीतून बघायची. चार महिने रोज बघितलं.

निघायच्या दिवशी तो धक्क्यावर तिच्यासमोर आला. मागे त्याचे सात खलाशी उभे होते.

“वहिनी, यंदा रेघ कुठे आहे?”

“आधी यांना सांगा, पहिल्यांदा उत्तरेची वाट कोणी दाखवली?”

तो पुटपुटला, “तुम्ही.”

“आणि शेवटच्या खेपेला जाऊ नका, असं कोण म्हणालं होतं?”

“तुम्हीच.”

“मागच्यांना ऐकू गेलं नाही.”

त्याने मोठ्याने सांगितलं. मग तिने सात दिवस आणि पाच दिवस, दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवले.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“थंडी पडल्यापासून.”

तो वळून डांबर लावलेल्या बोटीकडे बघायला लागला. खलाशी दुपारपर्यंत पांगले. ती बोट कधी सुटलीच नाही. पाऊस संपायच्या आत दीर आणि जाऊ दुसऱ्या गावी कामाला निघून गेले. म्हातारीला कोण नेणार? तिला मागेच ठेवलं.

आता ती संध्याकाळी सासूबाईंना जेवण घेऊन जाते. भरवते, तोंड पुसते, आपण होऊन एक शब्द बोलत नाही. म्हातारीला हल्ली फारसं आठवत नाही. एकदा घास गिळून तिने विचारलं, “तुझा पोरगा कुठे राहिला गं आज?”

सुनेने सांगितलं. बोट कशी उलटली, पाणी किती अंश होतं, हात किती मिनिटांत गळले असतील, सगळं नीट, एकेक करून. म्हातारी ऊर फुटेस्तोवर रडली.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने पुन्हा विचारलं, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.